उशिरा निवणारं तळं

फाल्गुनात, अमावास्येच्या आसपास, रात्री दहा-साडेदहाला शहापूरकडच्या सागाच्या जंगलातल्या एखाद्या तळ्यात हात बुडवून पाहावा. हवा शाल घ्यावी इतकी गार झालेली असते. दुपारी पाय भाजणारा कातळ निवलेला असतो. पाणी मात्र कोमट लागतं. सूर्य मावळून चार तास होत आले तरी दुपारचं ऊन तळ्यात शिल्लक आहे आणि ते आता आपल्या बोटांना जाणवतंय.

मुलांना घेऊन तळ्याकाठी रात्र काढायची असेल तर मी पहिल्यांदा हेच करायला सांगेन. शेकोटी, गाणी, पिठलं-भाकरी हे सगळं व्हावंच. पण त्या रात्री तळ्यावर जे जे घडतं, त्यातल्या बहुतेक गोष्टींचं मूळ या कोमटपणात आहे. पाणी मागे राहतं. दिवस संपला तरी ते दिवस धरून ठेवतं, आणि पावसाळा सरून सहा महिने झाले तरी पाऊस.

जागा कुठली, ते आधी सांगतो. ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या भिंतीला टेकून शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके आहेत. कसारा लोकलनं आसनगाव, आटगाव, खर्डी इथं उतरलं की शहापूर तालुक्याचं रान. कल्याणहून एसटीनं गेलं की मुरबाड. एकीकडे माहुलीचे सुळके, दुसरीकडे सिद्धगड, गोरखगड, नाणेघाट. मधल्या टेकड्यांवर साग, ऐन, मोह, पळस, कुडा. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली यांच्या वाड्या आणि पाडे या रानात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आणि अधूनमधून तळी: वनखात्यानं खोदलेली वनतळी, ओढ्यावरचे मातीचे बंधारे, गावाच्या वेशीवरची जुनी तळी. डोंबिवली-ठाण्याची कुटुंबं हल्ली शनिवारी तंबू घेऊन इकडे येतात. गावातलीच कुणीतरी आपल्या जागेत तंबू लावू देतात आणि रात्री चुलीवरचं जेवण देतात. अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही, तेव्हा आधी गावात विचारावं.

या मुलुखात जून ते सप्टेंबर दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तरीही फाल्गुनात ओढे कोरडे पडतात. इथली जमीन म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा कातळ. त्याच्या भेगांत मुरेल तेवढंच पाणी मुरतं. बाकीचं भातसा, काळू, तानसा अशा नद्यांतून झरझर समुद्राला जाऊन मिळतं. जिथं एखादा खोलगट भाग आहे आणि तळाशी वर्षानुवर्षांचा चिकण गाळ बसून फटी बुजल्या आहेत, तिथंच पाणी थांबतं. मार्चमधलं तळं म्हणजे गेल्या श्रावणाचा पाऊस. आजूबाजूला साग पानं टाकून मोकळा झालेला असतो, पायाखाली ताटाएवढी वाळकी पानं मोडत असतात, आणि मधोमध हे एवढं पाणी.

सूर्य कलायला लागला की पहिली जादू कानांना कळते. पलीकडच्या काठावर बाया हंडे भरायला आलेल्या असतात. अंतर बरंच असतं, तरी त्यांच्या बोलण्यातला शब्द न् शब्द या काठावर ऐकू येतो. गरम हवेत आवाज जोरात धावतो, गार हवेत जरा हळू. एका अंशाला सेकंदामागे सुमारे ०.६ मीटरचा फरक. दुपारी तापलेल्या जमिनीलगतची हवा सगळ्यात गरम असते, त्यामुळे आवाज वर वळतो आणि आपल्या डोक्यावरून निघून जातो. संध्याकाळी तळ्यावर उलटं असतं. दिवसभराच्या उन्हातही पाणी हवेइतकं तापलेलं नसतं, म्हणून पाण्यालगत गार हवेचा पातळ थर असतो आणि त्याच्यावर अजून उबदार हवा. वर निघालेला आवाज वळून पुन्हा खाली येतो. शिवाय मधे ना झाड ना झुडूप, आणि सपाट पाणी आवाज गिळत नाही, परतवतं. मुलांना दोन काठांवर बसवून हळू आवाजात बोलायला सांगावं. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते बघण्यासारखं असतं.

मग अंधार पडतो आणि हवेची आणि पाण्याची अदलाबदल होते. हवा भराभर निवते, पाणी निवत नाही. एक किलो पाणी एका अंशानं तापवायला सुमारे ४,१८० ज्यूल उष्णता लागते. तेवढ्याच वजनाच्या कातळाला ८०० च्या आसपास पुरते. म्हणून तापायला पाणी आळशी आणि निवायलाही आळशी. त्यात ऊन कातळाच्या पाठीवरच अडतं, पाण्यात ते हात-दोन हात खोल उतरतं. दिवसभरात किती उष्णता आत गेली असेल!

पण मला सर्वांत नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. रात्री तळ्याचा वरचा थर हवेला टेकून गार होतो. गार झालेलं पाणी जड होतं आणि खाली बुडतं. त्याची जागा घ्यायला खालचं उबदार पाणी वर येतं. तेही निवतं आणि बुडतं. रात्रभर हे चालू असतं. वरून पाहणाऱ्याला एक तरंग दिसत नाही, वाळकं पानसुद्धा जागचं हलत नाही, आणि आत सगळं तळं सावकाश उलथंपालथं होत असतं. दिवसा हे होत नाही. तेव्हा गरम, हलकं पाणी वर आणि गार पाणी खाली, आपापल्या जागी थिजलेलं असतं. म्हणजे आपण ज्याला शांत तळं म्हणतो ते दिवसा खरोखर शांत असतं, आणि आपण झोपतो तेव्हा ढवळायला लागतं. दोरीला थर्मामीटर बांधून संध्याकाळी, मध्यरात्री आणि पहाटे पृष्ठाजवळचं आणि तळाजवळचं तापमान घेतलं, तर दोन आकडे हळूहळू जवळ येताना मुलांना स्वतःच्या वहीत दिसतात. दहा वर्षांचं मूलही हे करू शकतं.

अंधार दाटला की वटवाघळं पाण्यावर येतात. किडे खाणारी छोटी वटवाघळं उडता उडताच पाणी पितात: खाली झेप, जिभेचा एक स्पर्श, एक बारीक रेघ पाण्यावर, आणि वर. ठार काळोखात त्यांना पाणी कुठं आहे ते कळतं कसं? ती तोंडानं किंवा नाकानं बारीक आवाज फेकतात आणि परत येणारा प्रतिध्वनी ऐकतात. झाड, दगड, गवत सगळीकडून प्रतिध्वनी येतो. सपाट पाण्यावरून मात्र तिरपा पडलेला आवाज पुढेच घसरून जातो, परत येत नाही. फक्त बरोबर खालून येतो. वटवाघळाला सभोवार पसरलेली अशी निःशब्द जागा ऐकू आली की तिथं पाणी आहे. स्टेफान ग्राइफ आणि ब्यॉर्न झीमर्स या संशोधकांनी याची परीक्षा घेतली आणि २०१० मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यांनी खोलीत गुळगुळीत पत्रा आडवा ठेवला, आणि वटवाघळं तो पत्रा प्यायला पुन्हा पुन्हा खाली येत राहिली. ज्यांनी जन्मात तळं पाहिलं नव्हतं अशी पिल्लंसुद्धा. तळं ओळखण्याचं ज्ञान ती जन्मतःच घेऊन येतात.

या एका कारणासाठी तरी तंबू पाण्याला चिकटून ठोकू नये आणि पाण्यावर झोतदिवे सोडू नयेत. आपल्याला ती जागा मजेची. त्यांचा तो एकच पाणवठा.

दिवे विझवले की दुसरा लाभ होतो. अमावास्येच्या सुमारास आकाश ताऱ्यांनी इतकं भरतं की शहरातल्या मुलांना आधी ओळखीची नक्षत्रंच सापडत नाहीत. मार्चच्या सुरुवातीला रात्री आठला मृग डोक्यावरून पश्चिमेकडे झुकलेलं असतं, त्याच्या खाली-डावीकडे व्याध. ईशान्येला सप्तर्षी वर येत असतात. आता नजर तळ्याकडे वळवावी. वर हजारो तारे, आणि पाण्यात? एखाद-दोन. व्याध दिसतो, एखादा ग्रह असला तर तो दिसतो, बाकी काळंभोर. असं का, हा प्रश्न मुलं हमखास विचारतात.

पाण्याचा आरसा फार खोडकर आहे. सरळ वरून पडलेल्या प्रकाशातला जेमतेम दोन टक्के तो परत देतो. उरलेला आत शिरतो. आकाशात चांगल्या उंचीवर असलेल्या ताऱ्याचा तीन-चार टक्केच प्रकाश पाण्यावरून आपल्याकडे येतो. बारीक तारे एवढ्या कपातीत डोळ्यांच्या पकडीबाहेर जातात. व्याध हा रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा, म्हणून तेवढा टिकतो. प्रकाश जितका तिरपा, तितका आरसा उजळ. व्याध जसजसा पश्चिमेला कलतो, तसतसं त्याचं प्रतिबिंब आकाशातल्या व्याधाच्या तुलनेत ठळक होत जातं. झाडाआड जाण्याआधीचा अर्धा तास त्यासाठी जागावं. समोरच्या काठावरच्या झाडांचं प्रतिबिंब पाण्यात एवढं गडद आणि स्पष्ट दिसतं, त्याचंही हेच कारण: तिथला प्रकाश अगदी आडवा येतो.

मध्यरात्रीच्या पुढे कान आणि नाकावर भिस्त. रातव्याचा ठोक्यांसारखा एकसुरी आवाज कुठून तरी जमिनीलगतून येतो. बॅटरी कानशिलाजवळ धरून गवतावर फिरवली तर हिरवट-पांढरे ठिपके चमकतात. त्यांना दंव समजून मूल जवळ जातं आणि ठिपका पळतो. ते कोळ्यांचे डोळे असतात. जमिनीवर धावून शिकार करणाऱ्या या कोळ्यांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला एक परावर्तक पडदा असतो. आत शिरलेला प्रकाश तो पुन्हा एकदा डोळ्यातून फिरवतो, म्हणजे मंद उजेडाचा दुप्पट उपयोग होतो. मांजराच्या, बिबट्याच्या डोळ्यांत असतो त्याच कामाचा पडदा, पण कोळ्यानं तो आपला आपण घडवला आहे.

बिबट्याचं नाव निघालं की मुलं आईला जरा चिकटून बसतात. अशाच एका रात्री एका मुलीनं राखणीला बसलेल्या गाववाल्यांना विचारलं, "मामा, बिबट्या इथं येतो का?" ते म्हणाले, "येतो की. पाणी काय आपल्या एकट्याचं आहे? आपण गप निजलो म्हणजे येईल, पिईल आणि जाईल."

त्यांच्या म्हणण्याला मोठा पुरावा आहे. २००९ च्या उन्हाळ्यात नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेला एक नर बिबट्या सोडवून, गळ्यात जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला गेला. वयस्कर वाटला म्हणून अभ्यासकांनी त्याचं नाव ठेवलं आजोबा. विद्या अत्रेय आणि त्यांचे सहकारी संगणकावर त्याचा माग पाहत होते. आजोबा निघाला तो थांबेचना. माळशेजच्या डोंगरांतून कसाऱ्याकडे, मग पश्चिमेला, मुंबई-आग्रा महामार्ग आणि रेल्वेमार्ग ओलांडून, वसईची खाडी पोहून, महिन्याभराच्या आत सुमारे १२० किलोमीटर चालत तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचला. या वाटेवर किती गावं, किती वाड्या, किती अंगणात निजलेली माणसं! त्यानं एकाही माणसाला इजा केली नाही. २०११ च्या डिसेंबरात महामार्गावर वाहनाची धडक बसून तो गेला. सकाळी तळ्याच्या चिखलात चार बोटांचा, नखांची खूण नसलेला गोल ठसा सापडला तर मुलांना आजोबाची गोष्ट सांगावी. कुत्र्याच्या आणि तरसाच्या ठशात नखं उमटतात. बिबट्या ती आत ओढून चालतो.

आता पहाट, आणि माझ्या मते तळ्याकाठची सर्वांत भरलेली वेळ. चारच्या सुमारास अंधारात टप् टप् असा आवाज सुरू होतो. पाऊस नाही, दंवही नाही. मोह गळतोय. मोहाची फुलं रात्री उमलतात, फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांसाठी. फुलांचा तो दाट, गोडूस, आंबूस वास अंधारातच त्यांना झाडाकडे खेचतो. परागाची देवाणघेवाण झाली की फुलाची मांसल, साखरेनं भरलेली पाकळ्यांची वाटी झाड पहाटे सोडून देतं. उजाडायच्या आत वाडीतल्या बाया आणि मुलं टोपल्या घेऊन येतात, कारण भेकर आणि रानडुकरंही त्याच वेळी येतात. वेचलेली फुलं वाळवून वर्षभर पुरवायची. ज्या झाडाखाली आपण सहज बसलो, ते कुणाच्या तरी घरचं असू शकतं. विचारल्याशिवाय त्याखाली तंबू ठोकू नये, फुलं तुडवू नयेत.

त्याच वेळी तळ्यात मासे पृष्ठाशी येऊन तोंड उघडू-मिटू लागतात. आपण म्हणतो, मासे खेळतायत. खरं तर त्यांना धाप लागलेली असते. दिवसा पाणवनस्पती आणि शेवाळं पाण्यात प्राणवायू सोडतात. रात्री तो बनत नाही, पण वनस्पती, मासे, बेडकांची पिल्लं, गाळातले जिवाणू सगळेच तो वापरत राहतात. साठा घटत घटत सूर्योदयाच्या जरा आधी सर्वांत कमी होतो. हवेला टेकलेल्या वरच्या पातळ थरातच काय तो श्वास उरतो. रात्रभर चाललेली ती उलथापालथ इथं उपयोगी पडते. वरच्या थरात हवेतून विरघळलेला प्राणवायू ती तळाकडे नेत राहते. ती नसती तर तळ आणखी लवकर गुदमरला असता.

काठावरच्या ढोकरीला हे सगळं पाठ आहे. मातकट पाठीचा तो बगळा उजाडण्याआधीच दगडावर येऊन दगडासारखा उभा राहतो. मासे वर येणार, आणि सुस्त असणार, हे त्याला माहीत असतं. मग खंड्या येतो. सूर्य वर आला, शेवाळाचं काम सुरू झालं की मासे पुन्हा खोल जातात आणि ढोकरीही उडून जाते.

उजाडल्यावर लगेच पसारा आवरू नये. तानसाच्या बाजूला असाल तर सागाच्या उघड्या फांद्यांकडे बघत राहावं. इथं एक घुबड आहे जे दिवसा शिकार करतं: वनपिंगळा. १८७३ मध्ये ॲलन ह्यूमनं त्याची शास्त्रीय नोंद केली. १८८४ नंतर तो कुणालाही खात्रीनं दिसला नाही. पक्षी नामशेष झाला असं जगानं धरून चाललं होतं. ११३ वर्षांनी, १९९७ च्या नोव्हेंबरात, पामेला रासमुसेन आणि त्यांचे दोन साथी यांना तो शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी सापडला. पुढं बरीच वर्षं तो सातपुडा-मेळघाटचाच रहिवासी समजला जात होता. आणि २०१४ मध्ये तो दिसला तानसा अभयारण्यात, कसारा लोकलच्या रुळांपासून थोड्याच अंतरावर. मुंबईच्या एवढ्या जवळ असा पक्षी कुणाच्या लक्षात न येता राहिला, हे मला आजही खरं वाटत नाही.

हे रान टिकलं ते पुष्कळसं पाण्यामुळे. तानसाचं धरण १८९२ चं. मुंबईला पाणी पुरवण्यासाठी ते बांधलं गेलं आणि पाणी स्वच्छ राहावं म्हणून भोवतालचं जंगल राखलं गेलं. त्या राखलेल्या जंगलात आज वनपिंगळा, बिबट्या आणि भेकर राहतात. नंतर १९५७ मध्ये वैतरणेवर मोडकसागर आलं, मग भातसा, आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. मुंबईच्या पाण्यापैकी जवळपास निम्मं एकट्या भातसाचं आहे. तळ्याकाठी बसलेल्या मुंबईच्या मुलाला हे जरूर सांगावं की घरच्या नळाचं पाणी याच डोंगरांवर पडलेलं आहे. आणि दुसरी गोष्टही लपवू नये. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण शहापूर तालुक्याइतकी दुसरीकडे क्वचितच खरी ठरत असेल. एप्रिल-मेमध्ये इथल्या कितीतरी वाड्यापाड्यांवर टँकर येतो. संध्याकाळी पलीकडच्या काठावर ज्यांचं बोलणं आपण ऐकलं, त्या बाया गमतीसाठी तळ्यावर आलेल्या नसतात. म्हणून त्या पाण्यात साबण लावून भांडी घासणं, अंघोळ करणं मला सहन होत नाही. बादलीनं पाणी घ्यावं, दूर जमिनीवर सांडावं.

वैशाखापर्यंत तळं आक्रसत जातं. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखात्याची माणसं आणि स्वयंसेवक पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर बसतात आणि रात्रभर येणाऱ्या प्राण्यांची नोंद करतात. ती रात्र निवडायचं कारण साधं आहे: बाकी सगळीकडचं पाणी आटलेलं असतं, तेव्हा प्राण्यांना इथंच यावं लागतं, आणि पूर्ण चंद्रामुळे ते दिसतात. त्या दिवसांत तळ्याचा काठ भेगाळतो. त्या भेगांखाली ओलसर गाळात बेडूक पुरून घेऊन पडलेले असतात, आणि डबक्यात उरलेले मरळ मासे पृष्ठावर येऊन थेट हवेतला श्वास घेतात. मरळीला तशी सोय आहे.

मग जूनचा पहिला मोठा पाऊस. त्या रात्री बेडूक गाळातून वर येऊन एकाच वेळी ओरडायला लागतात, आणि तळं भरून सांडव्यावरून पाणी वाहू लागलं की मासे उलट्या धारेनं वर चढतात, ओढ्यात, ओढ्यातून भातखाचरांत, अंडी घालायला. वाडीतली माणसं कंदील आणि जाळी घेऊन निघतात. याला इकडे वलगण म्हणतात. फाल्गुनात ज्यांना आपण पहाटे धापा टाकताना पाहिलं, त्या माशांची पिल्लं आषाढात भाताच्या रोपांमधून पोहत असतात. ते पाहायचं तर तंबू उपयोगाचा नाही. वाडीतल्या कुणाच्या तरी पडवीत मुक्कामाची सोय आधीच करून ठेवावी लागते, आणि पाऊस कधी येणार ते कळवायला तेच फोन करतात.